हमीदभाईंची तिहाई

हमीदभाई,

तुमच्या निधनाची बातमी माझ्याच हातून गेली. लातूरच्या वार्ताहराने पाठवलेला मजकूर नांदेडच्या डेस्कवर माझ्यासमोर आला, त्यात 'दीर्घ आजाराने' हे शब्द होते. ते असतातच. हृदयविकार नाही, अपघात नाही, तर उरलेलं सगळं मरण त्या शब्दांत बसवायचं, ही आमच्याकडची रीत आहे. मी ते खोडून 'कापसाच्या धुळीमुळे जडलेल्या फुफ्फुसाच्या विकाराने' असं लिहिलं. पान लावणारा म्हणाला, सर, ओळ वाढली, खाली जाहिरात आहे. मी म्हटलं, बघ कसं बसतंय. त्याने त्याच्या पद्धतीने बसवलं. सकाळच्या अंकात तुम्ही दीर्घ आजारानेच गेला होता.

तुमचे थोरले भाऊ गेले तेव्हा तुम्ही अंकाची घडी हातात घेऊन माझ्या लातूरच्या कार्यालयात आला होता. रागावलेले नव्हता. खुर्चीत बसलात, दम खाल्लात आणि म्हणालात, "वसंतराव, एवढं समदं छापलंत. कुठल्या गल्लीतले, पोरं किती, जावई कोण, दफन कुठं. माणूस कशानं मेला तेवढं सोडून."

"लिहिलंय की. दीर्घ आजाराने."

"दीर्घ म्हंजे लांब. लांब किती ते कळलं. आजार कुठला?"

मला उत्तर माहीत नव्हतं. तुम्हालाही नव्हतं. डॉक्टर टीबी म्हणाले होते, मग दमा म्हणाले, मग वय म्हणाले. आपला पुढचा सगळा वाद त्या दिवशी सुरू झाला असं आता वाटतं. तेव्हा तसं वाटलं नव्हतं. तुम्ही चहा घेतलात आणि निघून गेलात.

नवा बातमीदार म्हणून मी लातूरला आलो तेव्हा गंजगोलाईच्या मागच्या गल्लीत तुमच्या गादी कारखान्यावरची खोली मला मिळाली. खाली रुई पिंजायचं यंत्र, मागे तुमचं घर, वर मी. यंत्र सुरू झालं की माझ्या खोलीतली फरशी हलायची. जिना उतरताना कठड्यावर हात ठेवला तर हाताला रुई लागायची. तुम्ही, तुमचे भाऊ आणि दोन-तीन गडी दिवसभर त्या पांढऱ्या धुक्यात उभे असायचात. संध्याकाळी बाहेर आलात की भुवया पिकलेल्या आणि डोळे तेवढे काळे. दुपारी काम थांबवून प्रत्येकाच्या हातावर गुळाचा खडा ठेवायचा, हा तुमच्या वडिलांपासूनचा नेम होता. गूळ खाल्ला की घशातली धूळ पोटात जाते, छातीत उतरत नाही. मलाही द्यायचात. मी म्हणायचो, मी तर लिहितो, मला कशाला? तुम्ही म्हणायचात, "वरपत्तोर येती की धूळ. खावा, गुळाला काय पैसे पडत न्हाईत तुम्हाला."

शुक्रवारी कारखाना बंद. शनिवारी सकाळी उघडला की पहिला अर्धा दिवस कुणाचा हात चालायचा नाही. सगळे जड. छातीवर कुणी बसलंय असं म्हणायचे. यंत्र बंद करून ओट्यावर येऊन बसायचे आणि तोंड उघडं ठेवून श्वास घ्यायचे. तुमचा रेणापूरचा गडी रंगनाथ याचं कारण पक्कं होतं. शनिवारी शनी लागतो. तो येताना मारुतीला तेल घालून यायचा आणि तरीही धापा टाकायचा. तुमचं कारण वेगळं होतं. शुक्रवारी घरात मटण शिजतं, माणूस दोन घास जास्त खातो, ते शनिवारी छातीवर येतं.

"रंगनाथ तर माळकरी आहे," मी एकदा म्हटलं. "त्याच्या छातीवर कुठलं मटण?"

"त्याचा शनी, माझं मटण," तुम्ही म्हणालात. "ज्याचं त्याचं असतंय."

सोमवारपर्यंत सगळे मोकळे व्हायचे. मंगळवार, बुधवार कामाचा जोर. पुन्हा शुक्रवार, पुन्हा शनिवार. हे इतकं ठरलेलं होतं की त्याकडे कुणी आजार म्हणून पाहिलं नाही. आठवड्याचा तो स्वभावच होता.

माझी बदली नांदेडला झाली, खोली सुटली, येणंजाणं राहिलं. मधल्या काळात तुम्ही टीबीच्या गोळ्यांचा पूर्ण कोर्स घेतला, आणि काही वर्षांनी पुन्हा घेतला. एकदा लातूरच्या एका जाणत्या डॉक्टरांनी तुमचं काम काय आहे ते विचारलं, मान हलवली आणि पुढचा प्रश्न अगदी बरोबर केला. "हमीदभाई, सोमवारी त्रास जास्त होतो का?" तुम्ही प्रामाणिकपणे सांगितलंत, "न्हाई साहेब. सोमवारी उलट बरा असतो." डॉक्टरांनी तो विषय सोडला. त्यांची चूक म्हणता येत नाही. पुस्तकात सोमवार लिहिलेला होता. पुस्तक ज्या गिरण्या पाहून लिहिलं त्यांना रविवारी सुट्टी होती. जुम्याला कारखाना बंद ठेवणारा माणूस त्या पुस्तकात नव्हता.

नांदेडच्या रुग्णालयात छातीच्या डॉक्टरबाईंकडे मी तुम्हाला नेलं, ते तुम्ही माझ्याकडे दोन दिवस राहायला आला होता म्हणून. बाई तरुण होत्या. त्यांनी तुमचे जुने कागद पाहिले आणि विचारलं, "तुमच्याकडे सुट्टी कधी असते?"

"जुम्याला."

"मग शनिवारी कसं असतं?"

तुम्ही माझ्याकडे पाहिलंत.  मग सगळं सांगितलंत. ओटा, रंगनाथ, तेल, मटण. बाई लिहून घेत राहिल्या. सुट्टीनंतर कापसाच्या धुळीत परत उभं राहिलं की पहिल्या दिवशी छाती आवळते, आणि वर्षानुवर्षं असं झालं की आवळलेली छाती मोकळी होत नाही, असं त्यांनी समजावलं. आता फार काही परत येणार नाही, हेही सांगितलं.

रिक्षाने आपण परतलो. घरी पोचून पाणी प्यालात आणि म्हणालात, "मटणाला उगीच बदनाम केलं की हो आपण."

मी हसलो. तुम्ही हसलात आणि खोकलात. मग म्हणालात, "बगा, समद्यांनी मला विलाज दिला. सवाल हिनंच केला."

त्यानंतर काही महिन्यांनी तुम्ही तिहाईचा विषय काढलात. माझ्याच घरी, जेवण झाल्यावर. तुमच्याकडे माणूस मरताना आपल्या मालमत्तेतला तिसरा हिस्साच घराबाहेर देऊ शकतो, ती तिहाई. बाकीचे दोन हिस्से वारसांचे. तिहाईच्या वर द्यायचं असेल तर वारसांना, तेही तुम्ही गेल्यानंतर, हां म्हणावं लागतं. हे तुम्ही मला नीट समजावलंत, जसा एखादा मापाचा व्यवहार समजावतात. औसा रोडवरचा प्लॉट तुम्ही मोठ्या कारखान्यासाठी घेतला होता. तिथे काटेरी झुडपांशिवाय काही उभं राहिलं नाही. तो विकून पैसा डॉक्टरबाईंच्या विभागाला द्यायचा. दवाखान्याला नाही, संशोधनाला. रुई पिंजणाऱ्यांच्या छातीवर. आणि हे पार पाडायला वसी म्हणून माझं नाव.

मी विरोध केला. तो वाद इथे पुन्हा मांडतो, कारण तो संपला नाही.

मी म्हटलं, ॲम्ब्युलन्स द्या. रस्त्यावरून फिरेल, दारावर तुमचं नाव राहील.

"ॲम्ब्युलन्स माणूस आडवा पडल्यावर येती. मला त्याच्या आधीचं पायजे."

मी म्हटलं, संशोधन म्हणजे काय होतं मला ठाऊक आहे. अशा बातम्या मी छापल्यात. वर्षानुवर्षं लागतात, शेवटी इंग्रजीत एक निबंध येतो, तो एकही पिंजारी वाचत नाही, आणि निबंधाच्या शेवटी लिहिलेलं असतं की अधिक संशोधनाची गरज आहे.

"मंग करू देत की अधिक."

"आणि काही सापडलं नाही तर?"

"न्हाई सापडलं तर न्हाई सापडलं, एवढं तर सापडंल?" तुम्ही म्हणालात. "गूळच घ्या. माझ्या बापानं खाल्ला, भावानं खाल्ला, मी खाऊन राहिलो. धूळ खाली जाती का न्हाई जात, कुणी बगितलंय? न्हाई जात म्हणून कळलं तरी बास. पोरं गूळ खाऊन बिनघोर धुळीत थांबतात हो. गूळ नसता तर नाकाला फडकं तरी बांधलं असतं."

 मग मी नावाचा मुद्दा काढला. निदान तुमच्या थोरल्या भावाचं नाव त्या निधीला द्या. तुम्ही 'बघू' म्हणालात. शेवटच्या फोनवरही मी तेच विचारलं. तुमचा आवाज तोपर्यंत तुकड्यांनी येत होता. दोन शब्द, थांबा, तीन शब्द, थांबा. 'बघू' एवढा एक शब्द एका श्वासात आला. नाव काय द्यायचं ते अजून ठरलेलं नाही.

तुम्ही गेल्यावर जे झालं ते सांगतो.

पैसा थेट विभागाला देता येत नाही, रुग्णालय चालवणाऱ्या संस्थेमार्फत द्यावा लागतो, असं कळलं. म्हणून संस्थेच्या लोकांना भेटलो. एक गृहस्थ म्हणाले, संशोधनापेक्षा सभागृहाला द्या, काम चालूच आहे, कोनशिलेवर नाव येईल. दुसऱ्यांनी लिफ्ट सुचवली. लिफ्टची गरज खरी होती, हेही नोंदवायला हवं. मी प्रत्येकाला तुमच्या वसीयतीतलं, म्हणजे मृत्युपत्रातलं, वाक्य वाचून दाखवलं. प्रत्येकाने चांगली भावना आहे असं म्हटलं आणि पुन्हा सभागृहावर आले. मी थकलो, हमीदभाई. मी तुमच्या बाजूने भांडत होतो आणि माझेच जुने मुद्दे समोरच्या लोकांच्या तोंडून ऐकत होतो.

शेवटी डॉक्टरबाईंनी दोन पानांचं टिपण करून दिलं. लातूर, औसा, नांदेड, देगलूर इथल्या गादी कारखान्यांतल्या कामगारांचा श्वास सुट्टीच्या आधी आणि सुट्टीनंतर मोजायचा. सुट्टी ज्याची ज्या दिवशी असेल त्या दिवसाप्रमाणे. काहींना गूळ, काहींना नाही. संस्थेने ते मान्य केलं. गुळापाशी बैठकीत हशा झाला. बाई हसल्या नाहीत.

मग प्लॉटची किंमत पुढे आली. तुम्ही वसीयत केली तेव्हा तो तिहाईत बसत होता. रस्ता रुंद झाला, आजूबाजूला शोरूम आली, आणि तुमचा काटेरी तुकडा तिहाईच्या पुष्कळ वर गेला. वरचा भाग आता तुमच्या वारसांचा, भाभींचा आणि मुलगा इमरानचा. ते दोघं हां म्हणाले तरच पुरा प्लॉट तुमच्या कामाला लागणार होता. एवढ्या तिहाईत बाईंचं काम अर्धंच होईल, मग देगलूर सोडावं लागेल, कदाचित औसाही, असं त्यांनी मला स्पष्ट सांगितलं होतं.

चाळिसाव्याची फातेहा झाली, पाहुणे गेले, आणि मी आणि इमरान पुढच्या खोलीत बसलो. भाभी इद्दतमध्ये आहेत, नवऱ्यामागचे चार महिने दहा दिवस घराबाहेर नाही, परक्यासमोर नाही. त्या आतल्या दाराच्या पडद्यामागे खुर्ची टाकून बसल्या. तुमच्या घरात मी इतकी वर्षं भाभींच्या हातचं जेवलो, पण नेम तो नेम. मीही पडद्याकडे पाठ करून बसलो.

इमरान तुमचाच मुलगा आहे. स्पष्ट बोलला.

"चाचा, अब्बांची तिहाई त्यांनी दिली, त्याला मी कोण न्हाई म्हणणार? ती गेली. पण वरचं मी काहून सोडू? मला तिथं शोरूम टाकायची आहे. लोक फोमच्या गाद्या घेऊन राहिलेत. मी बी त्याच विकतो. पिंजणारे उरलेत किती? तुमचं संशोधन व्हईपर्यंत एक बी न्हाई राहणार. मग कुणाची छाती मोजणार?"

हा मुद्दा मी तुमच्यासमोर मांडला होता. तुमचं उत्तर मी त्याला सांगितलं. सरकी काढणाऱ्या जिनिंगवर कापसाच्या ढिगाऱ्यात उभ्या राहणाऱ्यांना कुणी विचारलंय का, असं तुम्ही म्हणाला होता. इमरान म्हणाला, "ते जिनिंगच्या मालकांनी बघावं. माझ्या बापानं कशाला?"

 त्याचं म्हणणं चूक नव्हतं.

पडद्यामागून भाभी म्हणाल्या, "भाईसाब, इमरानच्या अब्बांनी काय लिहिलंय, जरा वाचा."

मी वाचलं. "माझा औसा रोडवरील प्लॉट विकून येणारी रक्कम रुई पिंजणाऱ्या कामगारांच्या छातीच्या आजारावरील संशोधनासाठी..."

"पिंजणाऱ्या," भाभी म्हणाल्या. "फक्त पिंजणाऱ्या?"

"हो. तसंच लिहिलंय."

"मग मी... त्यात... न्हाई बसत."

मी पाठ करून बसलो होतो, त्यामुळे आवाजच तेवढा ऐकू येत होता. वाक्य तीन तुकड्यांत आलं. तुम्ही शेवटच्या काळात जिथे जिथे थांबायचात, तिथेच त्या थांबल्या. आधी खोकला आला, मग तो दाबल्याचा आवाज. इमरानने मान वळवली.

"अम्मी?"

"मी पिंजलं कुठं?" त्या म्हणाल्या. "मी खोळी शिवल्या. दाभणानं टाके घातले. कोपऱ्यात रुई भरायला यंत्र न्हाई चालत, ती हातानं भरावी लागती, ती मी भरली. आणि जुम्याला कारखाना झाडला."

"जुम्याला तर बंद असायचा," मी म्हटलं.

"म्हणूनच. चालू असताना झाडता येतंय का? गडी सुट्टीवर, हे नमाजला, मग मी दार लावून झाडायची. उघडं ठेवलं तर रुई गल्लीत उडायची, शेजारी बोंब मारायचे. दार लावून, खिडकी लावून. समदी आठवड्याची धूळ."

 माझ्या डोळ्यांसमोर तुमचा कारखाना आला. शनिवारी सकाळी तो नेहमी लख्ख असायचा. ओट्यावर बसून दम खाणाऱ्या सगळ्यांना तो लख्ख मिळायचा.

"तू कधी बोलली न्हाईस," इमरान म्हणाला.

"तुझे अब्बा खोकत होते." भाभी थांबल्या. "एका घरात दोघं खोकायला लागले तर चाय कोण करंल?"

त्या हे गंमतीने म्हणाल्या. हसण्याचा आवाजही आला. मला हसता आलं नाही.

मग त्यांनी मला विचारलं, तिहाईच्या वरचं जे आहे, त्यातला त्यांचा हिस्सा त्यांचा स्वतःचा ना? मी म्हटलं, हो. कायद्याने तुमचाच. तुम्ही दिला तर ती तुमची देणगी. त्या म्हणाल्या, "मग मी देते. पण त्यांच्या कागदात नका घालू. माझा वेगळा लिहा. शिवणाऱ्या, भरणाऱ्या, झाडणाऱ्या बायांसाठी. त्यांना सुट्टी कधी असती असं विचारू नका म्हणावं. त्यांना नसती."

हमीदभाई, यावर तुमच्याशी भांडायचं होतं. तुम्ही रंगनाथची छाती मोजली, भावाची मोजली, कधी न पाहिलेल्या जिनिंगच्या कामगारांची काळजी केलीत. बाईंनी सुट्टी विचारली तेव्हा तुम्ही आठवडाभराचा हिशेब घडाघडा सांगितलात आणि त्यात शुक्रवार मोकळा ठेवलात. तुम्हाला तो खोकला ऐकू आला नाही, की ऐकून तुम्ही त्याला पडसं म्हणालात? तुम्हाला विचारता आलं असतं तर तुम्ही खुर्चीत बसून आधी दम खाल्ला असतात, आणि मग असं काही बोलला असतात की मला राग सोडावा लागला असता. तेवढ्यासाठीही तुम्ही हवे होता.

आणि हेही खरं की तुम्ही ते वाक्य लिहिलं नसतंत, तर ते वाचून दाखवायला मी त्या खोलीत बसलो नसतो, आणि भाभी बोलल्या नसत्या. हे मी तुमच्या बाजूने लिहितो.

इमरानने त्या दिवशी सही केली नाही. विचार करतो म्हणाला. दोन दिवसांनी त्याचा फोन आला. सहीबद्दल नव्हता. इद्दतमध्ये बाईला दवाखान्यात नेता येतं का, हे त्याने मौलवीसाहेबांना विचारलं होतं. ते म्हणाले होते, इलाजाला मनाई नाही, संध्याकाळच्या आत घरी आणा. "चाचा, डॉक्टरबाईंचा नंबर पायजे होता."

परवा तो भाभींना स्वतःच्या गाडीतून नांदेडला घेऊन आला. मी रुग्णालयाच्या दारात उभा होतो. भाभी बुरख्यात होत्या, गाडीतून उतरून पायऱ्यांपर्यंत आल्या आणि कठडा धरून थांबल्या. इमरान दोन पायऱ्या वर गेला होता. तो परत खाली आला आणि घाई नसल्यासारखा त्यांच्याशेजारी उभा राहिला.

छातीच्या विभागाबाहेर एक सिस्टर टेबलाशी बसून नोंद करत होत्या. इमरानला त्याच वेळी फोमच्या गाद्यांबद्दल कुणाचा तरी फोन आला. तो बोलत बोलत बाजूला झाला. सिस्टरनी नाव विचारलं, गाव विचारलं, वय विचारलं. भाभींनी वय अंदाजे सांगितलं.

"बिडी, तंबाखू, मिसरी?"

"तोबा. काहीच न्हाई."

"काम काय करता?"

"काम? काय न्हाई. घरीच असते."

सिस्टरनी गृहिणी असं लिहिलं. मी बोलणार होतो. पण माझ्या आधी इमरानने कानावरचा फोन खाली घेतला होता.

"सिस्टर, ते खोडा."

"काय खोडू?"

"गृहिणी. गादी कारखाना लिहा."

सिस्टरनी त्याच्या कपड्यांकडे, हातातल्या फोनकडे पाहिलं. "मालक?"

"न्हाई," इमरान म्हणाला. "कामगार."

भाभी बुरख्याआडून म्हणाल्या, "कामगार म्हणे. पगार एक दिवस न्हाई दिला तुझ्या बापानं." सिस्टर हसल्या. इमरान हसला नाही. तो वाकून बघत राहिला, त्या नीट लिहितात की नाही ते.

भाभींना आत बोलावलं. दाराच्या फटीतून बाईंचा आवाज येत होता. पूर्ण श्वास घ्या, जोरात फुंका, फुंका, अजून, अजून. मग खोकला. मग पुन्हा तेच. इमरान बाकावर बसला होता. त्याने माझ्याकडे हात केला. मी पिशवीतून संमतीचा कागद काढून दिला. गुडघ्यावर ठेवून त्याने सही केली, कागद वाचला नाही, आणि विचारलं, "तुकडा केवढा उरंल माझ्याकडं, चाचा?" मी म्हटलं, काही नाही. तो म्हणाला, "बरं."

भाभींच्या श्वासाचा आकडा मी इथे लिहीत नाही. तो त्यांचा आहे. बाईंनी त्यांना औषध दिलं आहे, आणि घरात आता कुणी झाडायचं नाही, ओल्या फडक्याने पुसायचं, असं बजावलं आहे. प्लॉट अजून विकला गेलेला नाही. माणसांवरच्या अभ्यासाला रुग्णालयाच्या नीतिसमितीची परवानगी लागते, तीही यायची आहे. ती आली की पहिल्या नोंदीसाठी बाईंना कुठेही जावं लागणार नाही, त्या सुरुवात भाभींपासूनच करणार आहेत. पहिली नोंद जैबुन्निसा हमीद पिंजारी, लातूर, व्यवसाय गादी कारखाना कामगार. पिंजणाऱ्यांची पाळी त्यानंतर.